मधुमेह, दंडावरचा सेन्सर आणि आपली श्रद्धा

अलीकडे रविवारच्या मिस्साला जमलेल्या भाविकांपैकी काहींच्या दंडावर नाण्याच्या आकाराची एक पांढरी चकती चिकटवलेली आढळते. लहान मुले तिच्याकडे कुतूहलाने पाहतात, तर मोठी माणसे तर्क लढवतात. कोणी तिला औषधाची पट्टी समजतात, कोणी एखादे नवे तावीज! वस्तुतः ते रक्तातील साखरेवर अहोरात्र लक्ष ठेवणारे यंत्र असते. काही वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या शहरांतील मोजक्याच रुग्णांना ठाऊक असलेले हे साधन आता आपल्या धर्मग्रामांतही पोहोचले आहे. वर्तमानपत्रांतून त्याच्या जाहिराती झळकतात आणि मधुमेह नसलेली तरुण मंडळीही ते हौसेने लावू लागली आहेत. म्हणूनच हे यंत्र काय करते, ते कोणाच्या उपयोगाचे आहे आणि ख्रिस्ती माणसाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेहाचे सर्वांत अधिक प्रमाण गोव्यात आढळले. तेथे ते २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांमध्ये चौघांमागे एकाहूनही थोडे अधिक आहे. कोकण किनाऱ्यावरील आपल्या ख्रिस्ती समाजाचे गोव्याशी नातेसंबंध आहेत आणि आहाराच्या सवयीही बऱ्याच अंशी मिळत्याजुळत्या आहेत. तेव्हा हा आकडा वाचून पुढे जाण्याजोगा खचितच नाही.

परीक्षानळीपासून दंडावरच्या चकतीपर्यंत

मधुमेह हा आजार आपल्या देशात प्राचीन काळापासून ठाऊक आहे. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या आकृष्ट होतात, हे निरीक्षण आयुर्वेदाच्या जुन्या आचार्यांनी नोंदवून ठेवले आहे. परंतु साखर किती, हे मोजण्याचे सोपे साधन मात्र विसाव्या शतकापर्यंत नव्हते. आपल्यातील वयोवृद्धांना बेनेडिक्टचे निळे द्रावण आठवत असेल. परीक्षानळीत ते द्रावण घेऊन त्यात लघवीचे काही थेंब टाकायचे आणि नळी तापवायची. निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होत गेला, की साखर वाढल्याचे कळत असे. या पद्धतीत एक मोठी उणीव होती. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. त्यामुळे काही तासांपूर्वी काय झाले एवढेच समजे, आणि साखर धोकादायकरीत्या खाली गेली तर ही परीक्षा त्याबाबत काहीच सांगू शकत नसे.

१९७० च्या दशकाच्या आरंभी रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणारी यंत्रे आली आणि कालांतराने ती घरोघरी पोहोचली. बोटाला सुई टोचून पट्टीवर थेंब घेण्याची ही पद्धत आजही विश्वासार्ह आहे. मात्र हे त्या एका क्षणाचे छायाचित्र असते. सकाळी ११० असलेली साखर मध्यरात्री कुठे होती, हे त्यावरून कळत नाही. 'एचबीए१सी' ही तपासणी गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण सरासरीतही चढउतार लपून राहतात. एका दिवशी महापूर आणि दुसऱ्या दिवशी दुष्काळ, तरी सरासरी मात्र उत्तम, असे घडू शकते.

ही उणीव भरून काढण्याचे मूळ १९६२ सालापर्यंत मागे जाते. त्या वर्षी अमेरिकेतील लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी विकराच्या साहाय्याने ग्लुकोज मोजणाऱ्या विद्युतअग्राची कल्पना मांडली. शरीरावर लावून सतत साखर नोंदवणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली मान्यता दिली. त्या यंत्राचे आकडे रुग्णाला तत्काळ दिसत नसत, ते नंतर डॉक्टरांच्या संगणकावर उतरवले जात. २०१४ साली युरोपात आलेला 'फ्रीस्टाईल लिब्रे' हा सेन्सर दंडावर सलग चौदा दिवस राहू शकत असे आणि रोज बोट टोचून त्याचा मेळ घालण्याची गरज उरली नव्हती. सामान्य रुग्णांत या यंत्राचा प्रसार खऱ्या अर्थाने तेव्हापासून झाला.

यंत्र नेमके काय मोजते?

या चकतीच्या खालच्या बाजूस केसासारखा एक बारीक, लवचीक तंतू असतो. सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा हा तंतू त्वचेखाली राहतो. त्यावर ग्लुकोजशी क्रिया करणाऱ्या विकराचा थर असतो. या क्रियेतून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून यंत्र साखरेचे प्रमाण ठरवते. हा आकडा बिनतारी मार्गाने मोबाईलवर जातो, तेथे त्याचा आलेख उमटतो आणि साखर वर चढते आहे की खाली उतरते आहे, हे बाणाने दाखवले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. हा तंतू रक्तवाहिनीत नसतो, तो पेशींभोवतीच्या द्रवात असतो. रक्तातील साखर बदलली की तो बदल या द्रवात पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. समुद्राला भरती आली तरी खाडीच्या आतल्या टोकाला पाणी चढण्यास वेळ लागतो, तसेच हे आहे. म्हणून साखर झपाट्याने वर किंवा खाली जात असताना सेन्सरचा आकडा आणि बोटाच्या थेंबाचा आकडा यांत फरक पडतो. यंत्र बिघडले, असा त्याचा अर्थ नव्हे.

आणखीही काही कारणांनी आकडा फसवा ठरू शकतो. ज्या दंडावर सेन्सर आहे, त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे साखर खोटीच कमी दिसते आणि मध्यरात्री नाहक गजर वाजतो. पहिल्या एकदोन दिवसांत काही सेन्सर नीट स्थिरावलेले नसतात. 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांमुळे काही बनावटीचे सेन्सर चुकीचा आकडा दाखवतात. म्हणून आपण कोणती औषधे घेतो हे डॉक्टरांना सांगावे, आणि एमआरआय तपासणीपूर्वी दंडावर सेन्सर आहे हेही आवर्जून सांगावे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की आकडा एक सांगत असेल आणि शरीर दुसरेच सांगत असेल, म्हणजे घाम फुटला आहे, हात थरथरत आहेत, डोळ्यांपुढे अंधारी येत आहे आणि मोबाईल मात्र सारे आलबेल दाखवतो आहे, तर लगेच बोट टोचून खात्री करावी. तेवढाही अवकाश नसेल, तर आधी साखर तोंडात टाकावी.

त्वचेला न टोचता साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्याही बाजारात मिळतात. अशा कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, त्यांवर विसंबून औषधाची मात्रा ठरवू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. स्वस्त मिळते म्हणून असे घड्याळ घेऊन त्याच्या भरवशावर इन्सुलिन टोचणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

खरी गरज कोणाला?

ज्यांना पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांच्यासाठी हे यंत्र मोठे वरदान आहे. हा आजार बहुधा बालपणी किंवा तरुणपणी जडतो. अशा मुलाच्या आईवडिलांना रात्री दोनदोनदा उठून झोपलेल्या लेकराचे बोट टोचावे लागते. त्यांना या गजराचे मोल विचारून पाहावे. तसेच दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात जे दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेतात, ज्यांची साखर कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी खाली जाते, आणि ज्या गर्भवतींना मधुमेह आहे, त्यांनाही डॉक्टर हे यंत्र सुचवतात.

साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवल्याने काय साधते, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने सिद्ध केले. पहिल्या प्रकारच्या १,४४१ रुग्णांचा सरासरी साडेसहा वर्षे मागोवा घेतल्यावर असे दिसले, की साखर नियंत्रणात ठेवणाऱ्यांमध्ये डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांच्या व्याधी बऱ्याच कमी झाल्या. मात्र त्याच रुग्णांमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकारही वाढले. सतत लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचे महत्त्व नेमके येथे आहे, कारण ते दोन्ही बाजूंचा धोका दाखवते.

तथापि केवळ यंत्र लावल्याने काही होत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचवीस वर्षांवरील रुग्णांना सेन्सरचा स्पष्ट लाभ झाला, पण त्याहून लहान वयोगटांत तसा लाभ दिसून आला नाही. त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे लहानांनी तो नियमितपणे लावलाच नाही. औषधाची बाटली फडताळात ठेवून आजार बरा होत नाही, तसेच हेही.

किती साखर योग्य, याविषयी २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने काही उद्दिष्टे सुचवली. मधुमेही व्यक्तीची साखर दिवसातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे सुमारे सतरा तास, ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान असावी आणि ७० च्या खाली ती ४ टक्क्यांहून कमी वेळ असावी. वृद्ध आणि इतर व्याधींनी दुर्बळ झालेल्यांसाठी हे उद्दिष्ट मुद्दाम सैल ठेवलेले आहे. त्यांनी निम्म्याहून अधिक वेळ या मर्यादेत राहिले तरी पुरे, मात्र ७० च्या खालचा वेळ एका टक्क्याहूनही कमी असावा. याचा अर्थ असा, की पंच्याहत्तरीच्या आजीला थोडी वाढलेली साखर जितकी बाधते, त्याहून खाली घसरलेली साखर अधिक घातक ठरते. ती चक्कर येऊन पडते, हाड मोडते आणि मग अंथरुणाला खिळते. घरच्यांनी हे विसरू नये.

निरोगी माणसांचे काय?

२०२४ साली अमेरिकेत असे सेन्सर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मान्यता मिळाली. त्यांतील काही तर मधुमेह नसलेल्यांसाठीच आहेत. आपल्याकडेही व्यायामाची आणि वजन घटवण्याची आवड असलेली तरुण मंडळी ते लावू लागली आहेत. जेवल्यानंतर आलेख थोडा वर गेला की ती बावरतात. भात सोडतात, केळे सोडतात, आंबा तर सोडतातच!

निरोगी शरीरातही जेवणानंतर साखर चढते आणि पुन्हा उतरते. हे शरीराचे स्वाभाविक काम होय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मधुमेह नसलेल्या १५३ व्यक्तींना सेन्सर लावण्यात आले. त्यांची साखर दिवसातील सुमारे ९६ टक्के वेळ ७० ते १४० च्या दरम्यान होती, म्हणजे रोज थोडा वेळ ती १४० च्या वर जात होतीच. तेव्हा अशा एखाद्या शिखराने घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे किंवा ज्यांचे पोट सुटले आहे, त्यांनी महागडा सेन्सर लावण्यापूर्वी प्रयोगशाळेत साधी रक्ततपासणी करून घ्यावी. निदान त्यावरूनच होते.

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात या संदर्भात दोन परिच्छेद एकापाठोपाठ येतात. परिच्छेद २२८८ सांगतो, की जीवन आणि शारीरिक आरोग्य ही परमेश्वराने आपल्या हाती सोपवलेली मोलाची दाने आहेत आणि इतरांच्या गरजा व समाजाचे हित ध्यानात ठेवून आपण त्यांची योग्य ती निगा राखली पाहिजे. लगेच पुढचा परिच्छेद २२८९ बजावतो, की देहाचे जीवन आदरणीय असले तरी ते सर्वश्रेष्ठ मूल्य नव्हे. देहाची पूजा मांडणाऱ्या आणि त्याच्या परिपूर्णतेपायी सर्वस्व वाहणाऱ्या वृत्तीला ख्रिस्तसभा मान्यता देत नाही. हे दोन्ही परिच्छेद एकत्र वाचले, की या यंत्राचे स्थान ठरते. ते देहाच्या निगेसाठी असेल तर स्वागतार्ह होय. दिवसाचे चोवीस तास स्वतःच्याच देहाकडे पाहत बसण्यासाठी असेल, तर ते बाजूला ठेवलेले बरे.

उपवास, ख्रिस्तप्रसाद आणि गजर

आता आम्ही एका अशा मुद्द्याकडे वळतो, ज्याबाबत आपल्या भाविकांत बराच गैरसमज आहे आणि ज्यामुळे प्रसंगी जिवाला धोका संभवतो.

प्रायश्चित्तकाळात अनेक वृद्ध मधुमेही मोठ्या श्रद्धेने कडक उपवास करतात, पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी मात्र नेहमीसारखीच घेतात. पोटात अन्न नाही आणि औषध तर आपले काम करतेच आहे, अशा वेळी साखर झपाट्याने खाली येते. ख्रिस्तसभेचा कायदा असा उपवास मागत नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशीचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच्या व्यक्तींना बंधनकारक आहे. साठीच्या पुढच्यांना तो लागू नाही आणि आजारी व्यक्ती कोणत्याही वयाची असली तरी तिला त्यातून सूट आहे. ज्यांना अन्नाचा त्याग झेपत नाही त्यांनी प्रार्थना, दानधर्म आणि दयेची कृत्ये यांद्वारे प्रायश्चित्त करावे. ज्यांना थोडाफार उपवास करण्याची मनापासून इच्छा आहे, त्यांनी औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता आधी डॉक्टरांना भेटावे.

ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाबाबतही असेच आहे. पाणी आणि औषध यांनी हा उपवास मुळीच मोडत नाही. कायद्याच्या ९१९ व्या कलमात तर पुढे असेही म्हटले आहे, की वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांनी तासाभराच्या आत काही खाल्ले असले तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तेव्हा मिस्सा चालू असताना साखर खाली गेली तर गोळी, साखर किंवा फळाचा रस जरूर घ्यावा आणि नंतर निःशंक मनाने ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा. 'आता खाल्ले तर ख्रिस्तप्रसाद चुकेल' या भीतीने थरथरत बसून राहणे ही भक्ती नव्हे. ख्रिस्तप्रसादाच्या पातळ भाकरीने साखर वाढेल, ही शंकाही काहींना सतावते. त्या भाकरीतील पिठाचे प्रमाण इतके अल्प असते, की तिचा परिणाम नगण्य होय.

साखर ७० च्या खाली गेल्यास डॉक्टर साधा नियम सांगतात. सुमारे पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन ते चार लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. आकडा अजूनही कमी असल्यास तेच पुन्हा करावे. येथेही सेन्सरचा आकडा थोडा मागे असतो, म्हणून शक्य तर बोट टोचून पाहावे. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तिच्या तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

चर्चमध्ये मोबाईल बंद ठेवण्याची सूचना आपण सारेच ऐकतो आणि ती योग्यच आहे. परंतु सेन्सर वापरणाऱ्याचा मोबाईल हे त्याचे वैद्यकीय साधन असते. त्याने आवाज कमी करून कंपन चालू ठेवावे, पण धोक्याचा गजर बंद करू नये. वेदीवरून उपदेश चालू असताना एखादा गजर वाजलाच, तर शेजाऱ्यांनी डोळे वटारण्यापूर्वी त्या व्यक्तीकडे पाहावे. तिला कदाचित मदत हवी असेल. आमची प्रत्येक धर्मग्रामाला विनंती आहे, की सॅक्रिस्टीत साखर किंवा ग्लुकोजचा एक डबा ठेवावा आणि तो कुठे आहे हे स्वयंसेवकांना ठाऊक असावे. या तयारीचा खर्च तो काय! धर्मशिक्षणाच्या वर्गांतही मधुमेही मुलाला मोबाईल जवळ बाळगण्याची आणि गरज पडल्यास खाण्याची मुभा असावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनातही साखरेच्या गोळ्या आणि फळे नेण्यास परवानगी दिली. परीक्षेत जे चालते, ते धर्मशिक्षणाच्या वर्गात चालू नये काय?

आकडा म्हणजे पाप नव्हे

यंत्र आले की आकडा डोळ्यांसमोर येतो आणि आकड्याबरोबर अपराधीपणाची भावनाही येते. सणाच्या दिवशी दोन फुगे जास्त खाल्ले, आलेख २४० वर गेला आणि जणू मोठे पाप घडले, असे काहींना वाटते. दुसरीकडे काही जण १२० चा आकडा पदकासारखा चारचौघांना दाखवत फिरतात. दोन्ही वृत्ती आध्यात्मिकदृष्ट्या आरोग्यदायी नाहीत. साखर केवळ खाण्याने वाढत नाही. ताप, जंतुसंसर्ग, अपुरी झोप, मनावरचा ताण, स्टेरॉइडसारखी औषधे आणि पहाटे शरीरात स्रवणारी संप्रेरके यांनीही ती वाढते. मनुष्याने दिवसभर संयम पाळला तरी आकडा चुकू शकतो. ज्यावर आपला ताबा नाही त्याबद्दल परमेश्वर आपल्याला दोष देत नाही, मग आपण एकमेकांना का द्यावा?

या बाबतीत लोयोलाच्या संत इग्नाशियस यांची आठवण होते. आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात त्यांनी आत्मपरीक्षणाची एक रीत सांगितली आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघांची एक जोडी आखायची, आणि सुधारावयाच्या एका दोषात आपण जितक्या वेळा सापडलो तितके ठिपके दिवसातून दोनदा त्या रेघांवर नोंदवायचे. हाही एक प्रकारचा आलेखच नव्हे काय? पण त्याचा हेतू ठिपके मोजून झुरणे हा नव्हता. सकाळच्या रेघेशी सायंकाळची, कालच्या दिवसाशी आजचा, या आठवड्याशी मागचा ताडून पाहावा आणि काय सुधारता येईल ते ओळखावे, एवढाच होता. याच संतांनी मानरेसा येथे तरुणपणी अतिरेकी उपवास करून प्रकृतीची हानी करून घेतली होती, आणि पुढे आपल्या अनुयायांना त्यांनी माफक वागण्याचा सल्ला दिला. सेन्सरचा आलेखही याच रीतीने पाहावा. रोज तासातासाला नव्हे, तर आठवड्यातून एकदा शांतपणे. कोणत्या जेवणानंतर शिखर उठते, जेवल्यावर पंधरा मिनिटे चालल्याने ते किती खाली येते, रात्री कोणत्या वेळी घसरण होते, हे नोंदवून डॉक्टरांपुढे ठेवावे. ज्या आकड्यातून पुढची एखादी योग्य कृती निघते तो उपयोगी. ज्यातून केवळ धास्ती निघते, तो पाहिला नाही तरी चालेल.

दूरदेशीची लेकरे आणि घरची आई

या यंत्राची आणखी एक सोय म्हणजे रुग्णाचा आकडा त्याच्या नातेवाइकांच्या मोबाईलवरही दिसू शकतो. आपल्या अनेक कुटुंबांतील मुलेमुली आखातात, कॅनडात किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत. कुवेतमध्ये बसलेल्या मुलाला वसईतील आईची साखर त्याच क्षणी दिसते. मध्यरात्री ती ५५ वर आली तर तो शेजाऱ्यांना फोन करून तिला उठवू शकतो. असे प्राण वाचवणारे प्रेम यंत्राने शक्य केले आहे.

पण तोच मुलगा रोज दुपारी फोन करून "आई, आता काय खाल्लंस? आकडा कसा वर गेला?" असे दरडावू लागला, तर आई एक दिवस तो सेन्सरच काढून ठेवते. फोनवर आईचा आवाज ऐकण्याआधी तिचा आकडा विचारणे ही काळजी असली, तरी तिला ती हजेरी वाटते. कोणत्या मर्यादेपलीकडे फोन करायचा, हे दोघांनी मिळून आधीच ठरवावे. एरवी फोन केला तर नातवंडांच्या गोष्टी सांगाव्यात.

किंमत आणि न्याय

शेवटी एक कटू वास्तव मांडल्यावाचून राहवत नाही. चौदा दिवस चालणारा सेन्सर वर्षभर वापरायचा तर सव्वीस सेन्सर लागतात, आणि प्रत्येकाची किंमत हजारांत आहे. आपल्या देशात बहुतेक कुटुंबांना हा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. इंग्लंडमध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या सर्व प्रौढांना असे यंत्र देऊ करावे, अशी शिफारस तेथील अधिकृत संस्थेने २०२२ साली केली. आपल्याकडे मात्र ज्याला गरज नाही तो हौसेखातर दंडावर चकती मिरवतो आणि ज्या मुलाचा जीव तिच्यावर अवलंबून आहे त्याचे वडील बोट टोचण्याच्या पट्ट्यादेखील मोजून वापरतात, असे विसंगत चित्र दिसते.

इन्सुलिनचा इतिहास या बाबतीत आपल्याला काही शिकवतो. १९२१ साली टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मरणासन्न मुलाला टोचण्यात आले आणि तो वाचला. त्यातून अमाप संपत्ती मिळवणे संशोधकांना अशक्य नव्हते. परंतु १९२३ साली त्यांनी आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरच्या मोबदल्यात सोपवले. बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते आजारी व गरजू कुटुंबांना भेटी देत असतात. त्यांनी आपल्या परिसरात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली मुले किती आहेत, त्यांना इन्सुलिन, पट्ट्या आणि डॉक्टरांनी सुचवला असल्यास सेन्सर मिळतो की नाही, याची चौकशी करावी. ज्यांनी केवळ हौसेने सेन्सर घेण्याचे ठरवले आहे, त्यांनी ती रक्कम अशा एखाद्या मुलासाठी देण्याचा विचार करावा. दोन आठवड्यांच्या एका सेन्सरच्या पैशांत बोट टोचण्याच्या कितीतरी पट्ट्या येतात.

लूर्ड्सच्या पवित्र मातेच्या सणाच्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा जागतिक आजारी दिन पाळते. त्या दिवशी आजाऱ्यांसाठी मिस्सा अर्पण करतानाच साखरेच्या तपासणीचे एक शिबिरही भरवता येईल. आपल्यातील परिचारिका आणि डॉक्टर त्यासाठी आनंदाने वेळ देतील, असा आमचा विश्वास आहे. मधुमेहाने त्रस्त असलेल्या सर्व बंधुभगिनींना, आणि रात्री त्यांच्या उशाशी जागणाऱ्या त्यांच्या आप्तांना, परमेश्वर धीर आणि उत्तम आरोग्य देवो, हीच प्रार्थना.